सॉर्बे, शर्बेट की सरबत? घरच्या आइस्क्रीम मशीनचा रिव्ह्यू, शब्दासकट

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. मशीन चांगलंय. सॉर्बे (म्हणजे दूध न घालता गोठवलेला फळांचा रस) एक नंबर होतं, आइस्क्रीम ठीकठाक होतं, आणि समोरच्या पॅनेलवर जी पाच बटणं आहेत त्यातली निदान दोन तरी बटणं मार्केटिंगवाल्यांनी मीटिंगमध्ये बसून वाढवलेली आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एकतर पुढे मी त्यांच्या नावानं बोटं मोडणार आहे आणि दुसरं म्हणजे हेच मशीन, हाच साचा, हाच ढवळायचा दांडा, फक्त पुढचं स्टिकर बदलून दहा नावांनी विकलं जातं, तेव्हा तुम्ही कुठलंही घेतलं तरी बहुतेक हेच घेताय.

हे कंप्रेसरवालं आहे. म्हणजे आत फ्रिजसारखं स्वतःचं कूलिंग आहे, स्विच चालू केला की भांडं गार होतं. दुसरा प्रकार स्वस्तातला, त्यात दुहेरी भिंतीचं भांडं असतं, भिंतींच्या मध्ये एक लिक्विड भरलेलं, आणि ते भांडं आधी उणे १८ ला जवळजवळ अख्खा दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचं. तो प्रकार वाईट नाही, पण एक घाणा काढला की भांडं गरम, परत उद्या. शिवाय फ्रीझरमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवायची. कंप्रेसरवाल्यात एकामागोमाग दोन फ्लेवर काढता येतात, मात्र वजन जबरदस्त, ओट्यावरून कपाटात आणि कपाटातून ओट्यावर असं रोज करायचा विचार असेल तर विसरा. आणि हो, कुरिअरवाल्यानं आणून दिल्या दिल्या लगेच प्लगमध्ये घालू नका, आडवंतिडवं झालेलं असतं, कंप्रेसरमधलं तेल जागेवर बसायला काही तास सरळ उभं ठेवायचं. हे मॅन्युअलमध्ये आहे पण शेवटून दुसऱ्या पानावर, जिथे कुणी जात नाही.

आता बटणं. आइस्क्रीम, जेलाटो, सॉर्बे, शर्बेट, ग्रॅनिटा. यातल्या तिसऱ्या आणि चौथ्यात फरक काय हे मॅन्युअलमध्ये कुठेच धड सांगितलेलं नाही, एका पानावर दोन्हीला फळांचा बर्फ म्हटलंय आणि पुढच्या पानावर शर्बेटच्या कृतीत दूध घातलंय. मग म्हटलं हे नक्की काय ते बघूया, कारण बटणावरचा शब्दच कळला नाही तर आत काय ओतायचं ते कसं कळणार.

तर हे दोन्ही शब्द एकच आहेत. आणि तिसरा भाऊ आपल्या तोंडात रोज असतो, सरबत. मूळ अरबी, श-र-ब ही तीन व्यंजनं, अर्थ पिणं. शरिबा म्हणजे तो प्यायला, शराब म्हणजे पेय, कुठलंही पेय, मद्यापुरता अर्थ मागाहून आक्रसला. त्याच घरातून फारसीत शरबत, तुर्कीत शेर्बेत, आणि आपण श चा स करून सरबत. खोकल्याच्या बाटलीवरचं सिरप पण त्याच शराबमधून लॅटिनमार्गे फिरून आलेलं, आणि व्हिनेगर घालून फळांचं जे श्रब नावाचं पेय कॅफेवाले हल्ली फार कौतुकानं देतात ते पण तिथलंच. म्हणजे दारू, औषध, सरबत आणि हे मशीनमधलं सॉर्बे, सगळं एका धातूतून निघालंय आणि त्या धातूत थंडीचा किंवा बर्फाचा मागमूस नाही.

सोळाव्या शतकात ऑटोमन साम्राज्यातल्या शेर्बेतची चर्चा युरोपात पोचली. फळांचा रस, गुलाब, साखर किंवा मध, वर डोंगरातून आणलेला बर्फ गार करायला. इटालियन लोकांनी त्याचं सोर्बेत्तो केलं. श जाऊन ओकारवाला सो का आला, तर त्यांच्याकडे सोर्बीरे म्हणजे घोट घोट पिणं, भुरकणं असं क्रियापद आधीच होतं, नवा शब्द त्याच्या वळणानं गेला असं मानतात. इटालियनवरून फ्रेंच सॉर्बे, शेवटचा ट लिहायचा पण म्हणायचा नाही, म्हणून हॉटेलात कुणी सॉर्बेट म्हणालं की वेटर हळूच सुधारतो (त्याला म्हणावं मूळ अरबीत त होता बाबा, आम्ही जवळ आहोत). इंग्रजीत मात्र तुर्कीवरून थेट शर्बेट गेला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. आणि गंमत म्हणजे त्या वेळी तिन्ही भाषांत याचा अर्थ पेयच होता. ग्लासातलं. चमच्यानं खायचं नाही.

इथे मॅन्युअलसोबत आलेल्या चकचकीत पत्रकाचा समाचार घ्यायलाच हवा. त्यात लिहिलंय की मार्को पोलोनं चीनहून ही कृती आणली आणि मग एका इटालियन राजकन्येनं लग्नात ती फ्रान्सला नेली. या दोन्ही गोष्टी इतक्या ठिकाणी छापल्यात की खऱ्याच वाटतात, पण दोन्हीला त्या काळातला पुरावा नाही, नंतरच्या लोकांनी रंगवलेल्या कथा आहेत. खरी गोष्ट कमी फिल्मी आहे पण जास्त मजेदार आहे, कारण ती मिठाची आहे. नुसत्या बर्फात रस ठेवला तर तो गार होतो, गोठत नाही. बर्फात मीठ मिसळलं की बर्फ वितळायला लागतो, वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूनं ओढतो, आणि मिश्रण शून्याच्या खूप खाली जातं, प्रमाण बरोबर जमलं तर उणे २१ पर्यंत. जिअम्बातिस्ता देल्ला पोर्ता नावाच्या नेपल्सच्या विद्वानानं १५८९ मध्ये बर्फ आणि सोरा (मिठासारखाच एक क्षार) वापरून वाइन गोठवायची युक्ती छापली होती. त्यानंतर शंभरेक वर्षांनी त्याच शहरात अंतोनियो लातिनी नावाच्या एका कारभाऱ्यानं १६९२ आणि १६९४ अशा दोन भागांत पुस्तक काढलं, त्यात सोर्बेत्तोच्या कृती आहेत, आणि त्यातली एक दुधाची. म्हणजे शब्द पेयाचाच राहिला, पदार्थ मात्र मिठाच्या जोरावर घट्ट झाला. १६८६ मध्ये पॅरिसमध्ये सिसिलीच्या प्रोकोपिओनं कॅफे काढला तोवर फ्रेंच लोक पण गोठवलेलं सॉर्बे चाखायला लागले होते. आणि माझ्या ओट्यावरच्या यंत्राची पणजी म्हणजे १८४३ चं, अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी पेटंट घेतलेलं हँडलवालं मशीन, बाहेर लाकडी बादलीत बर्फ-मीठ, आत पत्र्याचं भांडं, त्यात फिरणारा दांडा. पत्रकात या बाईंचा उल्लेख शून्य. मार्को पोलो आहे.

ओके, परत बटणांकडे. शर्बेटच्या बटणात दूध का, तर अमेरिकेत शर्बेट या शब्दाला कायद्यानं वेगळा अर्थ दिलाय, दुधाची चरबी १ ते २ टक्के असलेला फळांचा बर्फ. त्याहून जास्त चरबी म्हणजे आइस्क्रीमच्या दिशेनं, अजिबात दूध नाही म्हणजे तिथले लोक सॉर्बे म्हणतात. ब्रिटनमध्ये हेच बटण कुणी वाचलं तर त्याला वाटेल मशीनमध्ये लहान मुलांची पावडर बनते, कारण तिकडे शर्बेट म्हणजे साखर, खायचा सोडा आणि आंबट आम्ल यांची ती जिभेवर फसफसणारी पूड. ती पण सुरुवातीला पाण्यात घालून फसफसणारं पेय करायला होती, म्हणून पेयाचं नाव तिला चिकटलं, मग पाणी गेलं आणि नाव राहिलं. ऑस्ट्रेलियात तर बोलीभाषेत बिअरला शर्बेट म्हणतात. आता बोला.

या मशीनमधलं शर्बेट मोड मला व्यवस्थित निरुपयोगी वाटलं. संत्र्याचा रस, साखर, थोडं दूध असं घालून केलं, चव छान आली, पण तेच मिश्रण सॉर्बे मोडवर घातलं तरी तसंच्या तसं आलं. आवाज ऐकून सांगते, दांड्याचा वेग दोन्हीकडे सारखाच आहे, फक्त कधी थांबायचं तेवढं बदलतं. एकच टीप, आंबट रसात दूध घालणार असाल तर दोन्ही फ्रिजमध्ये चांगलं गार करून मग हळू हळू घाला आणि लगेच मशीनमध्ये ओता, कोमट असताना एकत्र केलं तर फाटणार, आणि त्याचा दोष शब्दाला देता येत नाही.

सॉर्बे मोडसाठी मात्र पैसे वसूल. खरं तर इथे सगळं मशीनवर नाही, साखरेवर आहे, आणि हे कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. शुद्ध पाणी शून्यावर गोठतं. त्यात ३० टक्के साखर विरघळवली की गोठायला सुरुवातच उणे २ च्याही खाली होते. जसजसे पाण्याचे कण बर्फ होऊन बाजूला पडतात तसतसा उरलेला पाक अजून घट्ट होतो, म्हणजे त्याला गोठायला अजून जास्त थंडी लागते, आणि असं करत करत फ्रीझरमध्ये ठेवल्यावर सुद्धा थोडा पाक न गोठलेलाच राहतो. तो न गोठलेला पाक म्हणजे सॉर्बेचा मऊपणा. साखर कमी केली की पाक कमी, बर्फ जास्त, आणि डब्यातून निघते ती वीट. हेल्दी करायचं म्हणून साखर निम्मी करून नंतर मशीनला एक स्टार देणारे रिव्ह्यू मी भरपूर वाचलेत, मशीनचा काही संबंध नाही हो त्यात. उलट साखर फार झाली तर ते कधी सेटच होत नाही, नुसतं गारेगार रबडं.

दांडा काय करतो, तर भिंतीवर गोठणारा बर्फ सतत खरवडून आत ढकलतो म्हणजे कण मोठे व्हायला वेळच मिळत नाही. साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे कण जिभेला खरखरीत लागायला लागतात. म्हणून जितकं पटकन गोठेल तितकं मुलायम. म्हणून मिश्रण मशीनमध्ये ओतायच्या आधी फ्रिजमध्ये ४ अंशांपर्यंत गार करायचं, रात्रभर ठेवलं तर बेस्ट. खोलीच्या तापमानाचं ओतलं तर मशीन बिचारं अर्धा वेळ नुसतं गार करण्यात घालवतं आणि कण जाड होतात.

साखर मोजायची कशी? छोटं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं, एक थेंब टाकायचा, डोळ्याला लावायचं, ब्रिक्स (म्हणजे साखर किती टक्के ते) वाचायचं, २५ ते ३० च्या मध्ये आलं की झालं. ते नसेल तर जुनी अंड्याची युक्ती, ताजं अंडं स्वच्छ धुऊन मिश्रणात सोडायचं, बुडालं तर साखर कमी, तरंगून वर नाण्याएवढा गोल दिसला तर बरोबर, फार वर आलं तर पाणी घाला. गर गाळलेला असेल तरच हे चालतं, जाड गरात अंडं कसंही अडकून बसतं. आणि हिशोबानं करायचं असेल तर साधं गणित आहे, फळाच्या गरात स्वतःची १० टक्के साखर असेल तर ७५० ग्रॅम गराला अंदाजे १९० ग्रॅम साखर लागते. हो, वाचून धक्का बसतो. पण गार पदार्थात जिभेला गोडी कमी कळते म्हणून ते खाताना तेवढं वाटत नाही.

इथेच तो शब्द कामाला येतो, म्हणून एवढं चऱ्हाट लावलं. मिश्रण ओतायच्या आधी ते चक्क पिऊन बघा. आधी ते सरबतच आहे. साध्या तापमानाला थोडं जास्तच गोड आणि थोडं जास्तच आंबट लागलं पाहिजे, ग्लासभर प्यायला नको वाटेल इतपत. नुसतं छान सरबत लागलं तर गोठल्यावर ते फिकट लागणार. आणि चिमूटभर मीठ मिश्रणात, बाहेरच्या बर्फात घालायचे दिवस गेले तरी आतलं अजून लागतंच.

फळांबद्दल थोडं. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, आंबा यांचं सगळ्यात भारी होतं, गर दाट असतो आणि पेक्टिनसारख्या गोष्टी पाण्याला धरून ठेवतात. रास्पबेरी गाळा नाहीतर बिया दातात. लिंबाचं करायला सगळ्यात कठीण, कारण तिथे गर नाहीच, पाणी, साखर आणि आंबट एवढंच, प्रमाण जरा हललं की लगेच कळतं. पण जमलं की बाकी सगळं विसरायला होतं. कलिंगड नको. नुसतं पाणी आहे ते, कितीही साखर घातली तरी चव पातळ. साखरेतला थोडा भाग डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) घेतला तर गोडी कमी आणि मऊपणा जास्त, कारण त्याचे रेणू लहान असतात, तेवढ्याच वजनात गोठणबिंदू साध्या साखरेच्या जवळपास दुप्पट खाली नेतात. शुगर-फ्री करणारे सॉर्बिटॉल वापरतात आणि मग विचारतात की सॉर्बे त्याच्यावरूनच का, तर नाही, सॉर्बिटॉल हे सॉर्बस नावाच्या झाडाच्या फळांवरून पडलेलं नाव आहे, नुसता योगायोग. पोटाला मात्र जपून, जास्त झालं तर धावपळ होते.

ग्रॅनिटा मोड. हे का आहे? ग्रॅनिटा हा इटालियन शब्दच दाण्यावरून आलाय, रवाळ असणं हाच त्याचा धर्म, आणि हे मशीन काय करतं तर दाणे मोडतं. मग ग्रॅनिटा मोड म्हणजे मोटर थोडी थोडी थांबवून मुद्दाम खराब सॉर्बे करायचं. त्यापेक्षा पसरट ट्रेमध्ये रस ओतून फ्रीझरमध्ये ठेवा, मधूनमधून काट्यानं खरवडा, फुकटात होतं आणि जास्त चांगलं होतं. जेलाटो मोडबद्दल फार बोलत नाही, जेलाटो म्हणजे नुसतं गोठवलेलं, आणि बटण पण तेवढंच करतं.

आता तक्रारी. आवाज, पहिली. हॉलमध्ये टीव्ही लागलेला असेल तर व्हॉल्यूम वाढवावा लागतो, आणि शेवटी मिश्रण घट्ट झालं की मोटर अशी कण्हते की घरातले सगळे येऊन बघून जातात. दुसरी, दांडा प्लॅस्टिकचा आहे आणि भिंतीपासून थोडा लांब फिरतो, त्यामुळे भांड्याला कडक थर चिकटतो जो नंतर लाकडी चमच्यानं काढावा लागतो, धातूचा चमचा लावलात तर अॅल्युमिनियमला चरे. तिसरी, बाहेर काढता येणारं भांडं आणि मशीनची आतली गार भिंत यांच्यात ओल राहिली की ती गोठून भांडं अडकून बसतं, मग अर्धा तास वाट बघा. त्यावर इलाज म्हणजे मध्ये दोन चमचे मिठाचं पाणी घालायचं, ते गोठत नाही आणि गारवा पण नीट पोचतो, मात्र नंतर पुसून घ्यायचं नाहीतर गंज. म्हणजे बघा, शेवटी मीठ आणि बर्फ पुन्हा आलेच.

चौथी तक्रार खरी चीड आणणारी. दांड्याच्या टोकाला बारीक तडा गेला, म्हणून कस्टमर केअरला फोन केला, तर म्हणे सुटा दांडा मिळत नाही, भांड्यासकट सेट घ्या, आणि सेट सध्या स्टॉकमध्ये नाही. म्हणजे एवढं कंप्रेसर, मोटर सगळं ठणठणीत आणि मशीन एका प्लॅस्टिकच्या तुकड्यावर अडलेलं. सध्या तडा गेलेल्या दांड्यावरच चाललंय, काळजीपूर्वक. विकत घ्यायच्या आधी विचारा, सुटे भाग मिळतात का, आणि मिळतात म्हणाले तर लेखी घ्या.

सफाई सोपी आहे, भांडं आणि दांडा सिंकमध्ये, बाकी ओल्या फडक्यानं. झाकणाला आतून पाणी सुटतं ते पुसायला विसरू नका. मशीनमधून निघालेलं सॉर्बे मऊ असतं, उणे ५-६ च्या आसपास, लगेच खाल्लं तर मस्त, पण गोळे पाडायचे असतील तर उथळ डब्यात, वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवून, दोन तास फ्रीझरमध्ये. घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ असतं आणि ते खायला जरा कडकच, तेव्हा वाढायच्या दहा मिनिटं आधी काढून ठेवा. आठवड्याभरात संपवा, त्यापुढे कण वाढतात आणि खरखरीत होतं. झालंच तसं तर वितळवून, गार करून पुन्हा मशीनमध्ये घातलं की परत मुलायम. आइस्क्रीमबरोबर असले उद्योग करू नका, त्यात दूध-अंडं असतं.

कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे फळं भरपूर येतात, दूध चालत नाही असं घरात कुणी आहे, आणि ओट्यावर कायमची जागा देता येईल त्यांनी जरूर घ्यावं. वर्षातून दोनदा पाहुणे आल्यावर करणार असाल तर फ्रीझर-भांडंवालं स्वस्त बास झालं. आणि फक्त आइस्क्रीमसाठी घेणार असाल तर यापेक्षा जास्त ताकदीचा दांडा असलेलं बघा. मी पाचपैकी साडेतीन देते, सुटा दांडा विकायला लागले तर चार करीन, आणि मार्को पोलोचं पत्रक काढून टाकलं तर अजून पाव.